गुण आला, पण का आला?



घरात कोणी आजारी पडले आणि एखाद्या उपायाने बरे वाटले, की आपण म्हणतो, 'गुण आला.' हे दोन शब्द उच्चारले की बहुधा चर्चा संपते. कशाने गुण आला, का आला, पुढच्या वेळी येईल की नाही, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. माझे मत असे आहे की, विज्ञानाचे खरे काम या दोन शब्दांनंतर सुरू होते. आणि ते काम न केल्यास हाती असलेला चांगला उपायसुद्धा घातक ठरू शकतो. हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही. एका किलोभर वजनाच्या प्राण्याने ते मला शिकवले, आणि शिकताना माझ्या हातून एक नव्हे, दोन चुका झाल्या. मी बरीच वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तेव्हा या चुका सांगताना थोडा संकोच वाटतो. पण चूक लपवली की तिचा उपयोग संपतो, म्हणून सांगतो.

चिकूची ओळख

माझी ताई अमेरिकेत शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, एक फेरेट पाळला होता. रंग तपकिरी, म्हणून नाव ठेवले होते चिकू.

फेरेट आपल्याकडे सहसा पाहायला मिळत नाही. प्रथमदर्शनी तो मुंगसासारखा वाटतो, पण मुंगसाशी त्याचे जवळचे नाते नाही. तो आपल्या पाणमांजराच्या कुळातला. लांबट, लवचीक अंग, आखूड पाय आणि निमुळते तोंड. नराचे वजन एक ते दोन किलो, मादीचे त्याहून कमी. माणसाने त्याला सुमारे दोन हजार वर्षे पाळलेले आहे. सशांच्या बिळांत शिरून ससे बाहेर हाकलणे, हे युरोपातले त्याचे जुने काम. बिळात शिरण्याच्या या सवयीचा एकदा भौतिकशास्त्रालाही उपयोग झाला आहे. फर्मिलॅब ही कणभौतिकीची प्रसिद्ध प्रयोगशाळा शिकागोजवळच आहे. तिची उभारणी चालू असताना, १९७१ साली, लांबच लांब नळ्यांमध्ये राहिलेला धातूचा कीस साफ करण्यासाठी फेलिशिया नावाची एक फेरेट मादी कामाला लावली होती. तिला दोरी बांधून नळीत सोडत. ती पलीकडच्या टोकाने बाहेर पडली, की त्या दोरीच्या आधारे साफसफाईचा बोळा नळीतून ओढून घेत.

चिकूला असे काही काम नव्हते. दिवसातले चौदा-पंधरा तास झोपणे आणि उरलेल्या वेळात सोफ्याखाली मोजे लपवणे, एवढाच त्याचा उद्योग. त्याचे वय पाच वर्षे होते. फेरेटचे आयुष्य साधारण सहा ते आठ वर्षांचे, म्हणजे तो प्रौढ वयाच्या उतारावर होता. काही महिन्यांपूर्वी त्याला 'इन्शुलिनोमा' झाल्याचे निदान झाले होते. आपल्या पोटात जठरामागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातील काही पेशी इन्शुलिन तयार करतात. रक्तातील साखर, म्हणजे ग्लुकोज, पेशींमध्ये पाठवून रक्तातील तिचे प्रमाण खाली आणणे हे इन्शुलिनचे काम. इन्शुलिनोमा म्हणजे याच पेशींच्या गाठी. त्या नको तेव्हाही इन्शुलिन सोडत राहतात आणि रक्तातील साखर एकाएकी खाली घसरते. अमेरिकेतील प्रौढ फेरेटांमध्ये हा रोग वारंवार आढळतो. चिकूला दिवसातून दोनदा औषध आणि दर चार-पाच तासांनी मांसाहारी खाणे, असा नियम पशुवैद्यांनी घालून दिला होता.

पहिली चूक

एका संध्याकाळी सात वाजता ताई व भाऊजी बाहेर गेले होते. भाची चिकूला उठवायला गेली आणि तिने मला हाक मारली. चिकू पिंजऱ्यात एका कुशीवर पडला होता. डोळे उघडे, पण नजर कोठेच लागलेली नव्हती. तोंडातून लाळ गळत होती. मागचे पाय ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. फेरेट इतका गाढ झोपतो की कधी कधी तो मेला की काय अशी शंका यावी. पण झोपेत डोळे असे उघडे राहत नाहीत, आणि लाळही गळत नाही. ही झोप नव्हे, हे मलाही समजले.

साखर कमी झाली असणार, एवढे मी ओळखले. ओळखले ते बरोबरच होते. मी धावत स्वयंपाकघरात गेलो, अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर विरघळवली आणि चमच्याने त्याच्या तोंडात ओतायला निघालो. भाचीने माझा हात धरला.

"मामा, तोंडात ओतू नकोस!"

फ्रीजच्या दारावर चुंबकाने एक कागद लावलेला होता. तो तिने माझ्या हाती दिला आणि मला तो मोठ्याने वाचायला सांगितले. वर पशुवैद्यांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा फोन नंबर होता. खाली दोन रकाने होते. 'काय करावे' या रकान्यात लिहिले होते: घड्याळ पाहा. टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या. कापसाच्या काडीने हिरड्यांना थोडा मध चोळा. फोन करा. शुद्धीवर आल्यावर त्याचे नेहमीचे मांसाचे खाणे द्या. 'काय करू नये' या रकान्यात होते: तोंडात काहीही ओतू नका. झटके येत असल्यास तोंडात बोट घालू नका. हलवून जागे करण्याचा प्रयत्न करू नका. बरा दिसला तरी डॉक्टरांना कळवल्याशिवाय राहू नका.

भाची तेव्हा आपल्याकडच्या हिशेबाने नववीत होती. तिचे हात थरथरत होते, पण ती एकेक ओळ पाळत गेली. काडीवर मधाचा एक थेंब, तो हिरडीला. पुन्हा एक थेंब. मी वेळ मोजत होतो. साधारण आठ मिनिटांनी चिकूने मान उचलली. बाराव्या मिनिटाला तो ओठ चाटू लागला. मग तिने त्याला बोटावर घेऊन खाणे भरवले. ताई-भाऊजी येताच आम्ही त्याला दवाखान्यात नेले. तेथे रक्तातील साखर मोजली, ती १०० मिलिलिटर रक्तात ५८ मिलिग्रॅम भरली. निरोगी फेरेटमध्ये ती साधारण ९० ते १२० असते. मध दिल्यानंतर आणि खाणे पोटात गेल्यानंतरची ही स्थिती; आधी ती किती खाली गेली असेल याची कल्पना करा.

माझ्या साखरपाण्याने काय झाले असते? अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याला नीट गिळता येत नाही. तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाऊ शकते. साखरेअभावी जो मेला नसता, तो माझ्या मायेने गुदमरून मेला असता. निदान बरोबर, औषधही जवळजवळ बरोबर, पण देण्याची रीत चुकीची. तेवढे पुरेसे होते.

एका थेंबाचे गणित

त्या रात्री मला झोप आली नाही. मधाच्या चार-दोन थेंबांनी एक जीव उठून बसतो, हे मला चमत्कारासारखे वाटत होते. भौतिकशास्त्राच्या माणसाला चमत्कार खुपतो. मी उठून कागदावर आकडे मांडले. तुम्हीही मांडून पाहा.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरला ९० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे ५ लिटरमध्ये किती? अवघे ५ ग्रॅम! चहाचा एक चमचा साखर. आपल्या सगळ्या रक्तात कोणत्याही क्षणी एवढीच साखर फिरत असते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण तो एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि त्यासाठी मुख्यतः या ग्लुकोजवर अवलंबून असतो. यकृत आपल्या साठ्यातून ते सतत पुरवत असते, म्हणून आपले निभावते. इन्शुलिन नको इतके वाढले की हा पुरवठाही रोखला जातो, आणि पहिला फटका मेंदूला बसतो. नजर हरवणे, पाय लुळे पडणे, झटके येणे ही सारी लक्षणे त्याचीच.

आता चिकूचे गणित. वजन एक किलो. रक्त सुमारे ६० मिलिलिटर. त्यात नेहमी असणारी साखर सुमारे ६० मिलिग्रॅम. ती निम्म्यावर आली, तर रक्तातील तूट ३० मिलिग्रॅमची. मधाच्या एका थेंबाचे वजन ६०-७० मिलिग्रॅम धरले, तर त्यात सुमारे ५० मिलिग्रॅम साखर असते. तिच्यात ग्लुकोज साधारण निम्म्याच्या आसपास. रक्ताबाहेरच्या द्रवातही ग्लुकोज असते, म्हणून एक थेंब पुरत नाही, थोडे अधिक लागतात. पण हिशेब थेंबांचाच आहे. मी जी साखर विरघळवली होती ती तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम होती. चिकूच्या साऱ्या रक्तातील साखरेच्या अडीचशे पट!

चमत्कार संपला, तरी माझे आश्चर्य कमी झाले नाही, उलट वाढले. आकडे मांडल्याने नवल मरते, असे म्हणणाऱ्यांनी कधी आकडे मांडलेले नसतात.

दुसरी चूक

इतके सगळे समजल्यावर मी पुन्हा चूक करणार नाही, असे तुम्हांला वाटेल. मी केली.

सकाळी सर्वांच्या आधी उठून चहा घेण्याची माझी सवय. चिकू पायाशी घुटमळे. मला वाटे, बिचाऱ्याची साखर कमी होते, मधाने त्याला गुण येतो, मग थोडा मध रोजच दिला तर संकट येणारच नाही. म्हणून मी बोटावर मध घेऊन त्याला चाटवू लागलो. कोणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे वाटले नाही. आपल्याकडे पाहुण्याने पोराच्या हातावर खडीसाखर ठेवावी, तसे ते होते.

भाची एका वहीत चिकूची नोंद ठेवत असे: खाण्याच्या वेळा, औषधाच्या वेळा, वजन, आणि काही विचित्र दिसल्यास ते. चौथ्या दिवशी तिने वही माझ्यासमोर ठेवली. तीन दिवस ओळीने सकाळी नऊच्या सुमारास चिकूचे मागचे पाय लटपटले होते. याआधीच्या पानांवर त्या वेळी असे कधीच घडलेले नव्हते.

"मामा, सकाळी तू त्याला काही देतोस का?"

मला खोटे बोलता आले नाही. आम्ही डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रागावून न बोलता कारण समजावून सांगितले. तेच मी आता माझ्या विषयाच्या भाषेत सांगतो.

तुमच्या घरातील विजेच्या इस्त्रीत तापमान राखणारे एक साधन असते. इस्त्री ठरावीक अंशांपर्यंत तापली की आतील द्विधातूची पट्टी वाकते आणि प्रवाह तुटतो. निवली की पट्टी सरळ होते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. बदल झाला की त्याच्या उलट दिशेने कृती व्हायची, याला ऋण फीडबॅक म्हणतात. शरीरात रक्तातील साखर अशीच राखली जाते. साखर वाढली की इन्शुलिन सुटते, साखर उतरली की इन्शुलिन थांबते. इन्शुलिनोमाच्या गाठीत यातला 'थांबते' हा भाग बिघडलेला असतो. मात्र 'सुटते' हा भाग चालूच असतो, किंबहुना जोरात चालतो. अशा प्राण्याला उपाशीपोटी गोड चाटवले की रक्तातील साखर झपाट्याने चढते. तिला उत्तर म्हणून गाठीतून इन्शुलिनचा लोंढा सुटतो. मधातील साखर थोड्याच वेळात संपते, इन्शुलिन मात्र उरते. मग साखर पूर्वीपेक्षाही खाली जाते. मांसातील प्रथिनांपासून ग्लुकोज सावकाश बनते, चढउतार लहान राहतात. म्हणून रोजचे खाणे मांसाचे. मूर्च्छेच्या वेळीसुद्धा मध थोडाच द्यायचा आणि शुद्ध येताच मांसाचे खाणे द्यायचे, याचे कारण हेच.

म्हणजे पाहा: मध एकच, प्राणीही एकच. मूर्च्छेच्या आठ मिनिटांत तो मध तारणारा. रोजच्या न्याहारीत तोच मूर्च्छा ओढवून आणणारा. 'मधाने गुण येतो' हे माझे वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. आणि अपुरे वाक्य खोट्या वाक्यापेक्षा धोक्याचे, कारण त्याच्या बाजूने अनुभवाची साक्ष असते.

मी मध बंद केला. त्यानंतर मी तेथे होतो तोवर सकाळच्या रकान्यात तशी नोंद झाली नाही. एवढ्यावरून मधच कारण होता हे काटेकोरपणे सिद्ध होत नाही. तीन दिवस आणि एक प्राणी हा काही मोठा प्रयोग नव्हे. पण माहीत असलेल्या कारणाशी ते जुळत होते, आणि ती वही नसती तर मी आणखी दोन आठवडे प्रेमाने मध चाटवत राहिलो असतो.

चपलेचे श्रेय

आता आपल्या गावाकडे या. एखाद्याला अपस्माराची फिट आली की आजही कोणीतरी कांदा फोडतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो. मिनिट-दोन मिनिटांत झटके थांबतात आणि सभोवतालची माणसे म्हणतात, 'गुण आला!' खरी गोष्ट अशी की, बहुतेक वेळा फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. चप्पल लावली नसती तरी थांबलीच असती. श्रेय मात्र चपलेला जाते, आणि पुढच्या वेळी पुन्हा चप्पल शोधली जाते. त्या धावपळीत जे करायचे ते राहून जाते: रुग्णाला कुशीवर वळवणे, जवळच्या टोकदार वस्तू दूर करणे, तोंडात काहीही न घालणे, हातपाय दाबून न धरणे आणि घड्याळ पाहणे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलावणे.

चप्पल आणि मध यांत फरक आहे. चपलेने गुण येतच नाही. मधाने खरोखर येतो. पण दोन्ही ठिकाणी विचाराची चूक एकच आहे. आधी उपाय, नंतर आराम, म्हणून उपायामुळे आराम, असे आपण धरून चालतो. अशिक्षित माणूस ही चूक चपलेच्या बाबतीत करतो, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक मधाच्या बाबतीत. पदवीने ही सवय जात नाही.

हे आपल्या घराचेही आहे

फेरेट आपल्याकडे नाही, पण साखर उतरण्याचे संकट आपल्या घरोघरी आहे. १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून मधुमेहावर इन्शुलिनचा उपयोग होतो हे दाखवले आणि १९२२ मध्ये ते प्रथम माणसाला देण्यात आले. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. पण इन्शुलिन टोचून घेतले आणि जेवण राहून गेले, की मधुमेही आजोबांची अवस्था चिकूसारखी होऊ शकते. दरदरून घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. 'आजोबांना मधुमेह आहे, साखर देऊ नका' असे त्या क्षणी कोणी म्हणाले, तर ते अपुऱ्या ज्ञानाचेच उदाहरण. आजोबा शुद्धीत असतील आणि गिळू शकत असतील, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे आणि मग खायला द्यायचे. शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवायचे आणि १०८ वर फोन करायचा. चिकूला मध चोळला तसा येथे चोळत बसायचे नाही. चिकूचा कागद चिकूच्या डॉक्टरांनी तपासलेला होता. आजोबांचा कागद आजोबांच्या डॉक्टरांकडूनच तपासून घ्यायला हवा.

म्हणून शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रयोगवहीत प्रत्येक प्रयोगाखाली उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान आणि शेवटी 'दक्षता' असे रकाने असतात. त्यांतला 'दक्षता' हा रकाना विद्यार्थी मार्गदर्शिकेतून उतरवून काढतात, हे आपण सारे जाणतो. नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एकदा एक पान लिहायला सांगा. घरात किंवा शेजारी दीर्घकाळ आजारी असलेली एक व्यक्ती, नाहीतर गोठ्यातली गाय, नाहीतर पाळलेले कुत्रे निवडायचे. तिला काय झाले आहे आणि शरीराची कोणती यंत्रणा बिघडली आहे? संकटाची खूण कोणती? पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे? काय मुळीच करायचे नाही? आणि प्रत्येक उत्तरापुढे एक प्रश्न: का? ते पान घरच्या डॉक्टरांना किंवा पशुवैद्यांना दाखवून दुरुस्त करून आणायचे. प्रयोगवहीतल्या कोणत्याही दक्षतेपेक्षा ही दक्षता त्याच्या अधिक लक्षात राहील.

आक्षेपांना उत्तर

यावर काही आक्षेप येतील. कोणी म्हणेल, डॉक्टरांचे काम डॉक्टरांनीच करावे. बरोबर आहे. पण डॉक्टर पोहोचेपर्यंतची पहिली पाच मिनिटे घरातल्या माणसाचीच असतात, आणि त्या पाच मिनिटांत काही न करणे किंवा भलतेच करणे हेही एक प्रकारचे 'करणे'च आहे. माझा आग्रह मुलांनी औषधोपचार करावेत असा नाही. आधी विचारून ठेवलेले, लिहून ठेवलेले तेवढेच करावे असा आहे. माझी भाची शूर होती असे मी म्हणणार नाही. तिच्याजवळ कागद होता आणि माझ्याजवळ नव्हता.

दुसरा आक्षेप असा की, मुले घाबरतील. मी पाहिले ते उलट. त्या संध्याकाळी अधिक घाबरलो होतो तो मी.

तिसरा आक्षेप जरा कठीण आहे. जिथे माणसांना वेळेवर औषध मिळत नाही, तिथे एका पाळीव प्राण्याच्या आजाराचे एवढे कौतुक कशाला? हा प्रश्न मलाही टोचतो, आणि शिकागोच्या त्या दवाखान्याचे बिल पाहिले तेव्हा अधिकच टोचला. त्याला माझे उत्तर एवढेच की, इन्शुलिन आपल्याला मिळाले ते कुत्र्यांवरील प्रयोगांतून, आणि त्यानंतर अनेक दशके माणसांनी टोचून घेतलेले इन्शुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेले होते. प्राण्यांचे आपल्यावर हे ऋण आहे. शिवाय जो आपल्या हाती सर्वस्वी सोपवला गेला आहे, ज्याला काय होते ते सांगताही येत नाही, त्याच्याकडे नीट पाहायला शिकलेला मुलगा उद्या आजीकडेही नीट पाहील. आजीला तरी सर्व काही सांगता येते, असे थोडेच आहे?

चिकू त्यानंतर सात महिने जगला. तो आजार औषधाने आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. शस्त्रक्रियेनंतरही गाठी पुन्हा उद्भवू शकतात. डिसेंबरात ताईचा फोन आला. शेवटच्या दिवसांत काय करायचे आणि काय आता करायचे नाही, हेही त्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून ठरवले होते. भाचीने ती वही टाकून दिली नाही. पुढच्या भेटीत तिने मला ती दाखवली. माझ्या सुट्टीतल्या त्या तीन दिवसांपुढे तिने तांबड्या शाईने लिहिले होते: 'मामाचा मध.'

आज संध्याकाळी घरी गेल्यावर तुमच्या आजी-आजोबांच्या औषधांचा डबा उघडून पाहा. कोणते औषध कशासाठी, ते एकदा चुकले तर काय होते, दोनदा घेतले गेले तर काय होते, हे त्यांना विचारा. ते म्हणतील, "माहीत नाही बाबा, पण गुण येतो." तेथून पुढे तुमचे काम सुरू होते.